विरळ हवेत पट्टकदंबाचा श्वास कसा पुरतो?

प्रश्न : उन्हाळ्यात आम्ही मुंबईहून विमानाने थेट लेहला गेलो. पहिले दोन दिवस जिना चढतानाही धाप लागत होती. लडाखच्या सरोवरांवर वीण करणारे पट्टकदंब हे हंसासारखे पक्षी मात्र हिमालय ओलांडून येतात. उंचावर ऑक्सिजन कमी असताना त्यांना तो कसा पुरतो?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : हवेतील ऑक्सिजनचा वाटा मुलुंडमध्ये आणि लेहमध्ये सारखाच, सुमारे २१ टक्के असतो, घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाएवढा असतो, साडेतीन हजार मीटरवरील लेहमध्ये साधारण दोन तृतीयांश उरतो आणि ५,५०० मीटरवर निम्मा होतो. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो दाबातील फरकामुळेच, म्हणून दाब उतरला की प्रत्येक श्वासाची कमाई घटते.

ही घट मानेतील धमन्यांजवळच्या संवेदक पेशी ओळखतात आणि श्वास वाढवतात. अडचण अशी, की जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला आवर घालू लागतो. मूत्रपिंडे हा तोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. विमानाने थेट जाणाऱ्याला ती सवड मिळत नाही.

पट्टकदंबही विरळ हवेत जोरात श्वास घेतो, मात्र कार्बन डायऑक्साइड घटल्याचा त्याला आपल्याइतका त्रास होत नाही. आपल्या फुप्फुसात ताजी हवा आधीच्या शिळ्या हवेत मिसळते. पक्ष्यांमध्ये हवेच्या पिशव्यांमुळे ती फुप्फुसातून एकाच दिशेने, श्वास घेताना आणि सोडतानाही वाहत राहते. शिवाय पट्टकदंबाचे हिमोग्लोबिन कमी दाबातही ऑक्सिजन घट्ट पकडते. हा पक्षी एव्हरेस्टवरून उडतो, ही हौसेने सांगितली जाणारी गोष्ट मात्र जपून घ्यावी : उपकरणे बसवलेल्या पक्ष्यांची सर्वाधिक नोंद ७,२९० मीटरची आहे आणि एरवी ते जमिनीच्या चढउताराला धरूनच उडतात.

सस्तन प्राण्यांत आणखी एक अडचण येते. सखल भागातील गुरे उंचावर नेली की ऑक्सिजनअभावी त्यांच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि काही जनावरांच्या छातीखाली पाणी साचून सूज येते. याकच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्या फारशा आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे त्याच कुरणावर तो निर्धास्त चरतो.