ॲप लावा, पण पाटी ठेवा

सर, कर्नाटक सीमेवरच्या जत तालुक्यात तुमची पहिलीच नेमणूक, म्हणून सांगतो. स्पेलिंगचं ॲप लावलं की पोरं खूश, गलका बंद. पण चार पर्यायांतून शब्द ओळखणं वेगळं आणि कोऱ्या पाटीवर लिहिणं वेगळं. माझ्या वर्गात टॅबवर सगळे तारे मिळवलेल्या पोरीनं वहीत 'फ्रेंड'मधला 'आय' गाळला. ॲपमध्ये अक्षरं आयती असतात, नुसती जुळवायची. शिवाय बरीच ॲपं अमेरिकन वळणाची. त्यांच्या 'कलर'मध्ये 'यू' नाही, आपल्या पुस्तकात आहे. अर्थ येतो हिंदीत, तोही घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना! लाईटचं तर तुम्हाला कळेलच. दहा मिनिटं ॲप, मग टॅब कपाटात आणि श्रुतलेखन. चुकलेला शब्द वाक्यात लिहून घ्या.