उन्हातले काम आणि उष्माघात

प्रश्न : मी चंद्रपूरला बांधकामावर मुकादम आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. परवा गावाहून नुकताच परतलेला सेंट्रिंगचा एक मजूर भोवळ येऊन खाली बसला. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही, त्याच्या भरवशावर कोणालाही उन्हात धाडू नका. तुमचा मजूर ‘नुकताच परतलेला’ होता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात आणि सुट्टीत ती मोडते. अशा माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम द्यावे व पुढे रोज थोडे वाढवावे. सळ्या बांधण्यासारखी जड कामे पहाटे उरकून दुपारी १२ ते ४ सावलीत विसावा द्यावा. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. अधूनमधून मीठ घातलेले ताक उत्तम.

मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. त्वरित १०८ वर फोन करून त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर गार पाणी ओतत वारा घालावा आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.