सुट्टीत ग्वाल्हेरला येताय? मग सकाळी उठा

प्रश्न: माझं माहेर ग्वाल्हेरातल्या लश्कर भागातलं, आता आम्ही पुण्यात असतो. नाताळच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन आईकडे येतेय. मोठा सोळाचा, धाकटी बारा वर्षांची. किल्ला आणि जयविलास राजवाडा दर वेळी होतोच, मॉल तर पुण्यातही आहेत. जरा हटके काहीतरी सुचवा ना, ज्यात मुलांना आपलं गाव दिसेल. (एक वाचक, पुणे)

ताई, आधी एक काम करा, तिकीट काढायच्या आधी तानसेन समारोहाच्या, म्हणजे आपल्या दर वर्षीच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाच्या, तारखा बघा. कारण लोक धरून चालतात की तो नाताळातच असतो, आणि तसं नसतं. 2023 ला 24 ते 28 डिसेंबर होता, त्याच्या पुढच्या वर्षी शंभरावा होता तो 15 ते 19 ला होऊन गेला, म्हणजे पंचवीसला येणाऱ्यांच्या हाती रिकामा मांडवच लागला. शाळेची सुट्टी लागायच्या आधी असेल तरी मी म्हणेन दोन दिवस शाळा बुडवा, एवढं तर चालतंच.

आणि समारोह म्हटलं की सगळे संध्याकाळचे मोठे कलाकार बघायला धावतात. माझं म्हणणं, मुलांना पहिल्या दिवशी सकाळी हजीरा भागात घेऊन जा. तिथे तानसेनची समाधी आहे, लहानशी, चारी बाजूंनी मोकळी, आणि शेजारीच सूफी संत मोहम्मद गौस यांचा मोठा मकबरा, त्याच्या दगडी जाळ्या बघत मुलं अर्धा तास सहज रमतील. सकाळी आधी शहनाई वाजते, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते, मग मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, होतं आणि समाधीवर चादर चढवतात. सगळं एकाच आवारात, एकामागून एक. ढोलीबुवांचा मठ म्हणजे आपल्याकडची नाथपंथी परंपरा, शिंद्यांच्या काळापासून ग्वाल्हेरात रुजलेली, आणि तानसेनच्या दारात समारोहाची सकाळ अशा कीर्तनानेही सजते ही गोष्ट लश्करच्या लेकीने आपल्या मुलांना दाखवायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. त्या वेळी गर्दी कमी असते, ओळखीचे म्हातारे चेहरे भेटतात, पुढे बसायला मिळतं. तिकीट नाही, पास नाही.

समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी जुनी समजूत, गवई लांबून येऊन खायचे. मुलीला गोष्ट जरूर सांगा पण पाला तोडू देऊ नका, आधीचं झाड लोकांनी ओरबाडून ओरबाडूनच संपवलं म्हणतात.

दुसरं, बेहट. तानसेनचं जन्मगाव, शहरापासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि समारोहाची एक सभा, म्हणजे मैफल, तिथे होते, झिलमिल नदीच्या काठी. एक शंकराचं देऊळ आहे, चक्क कललेलं, तानसेनच्या आवाजाने कललं असं गाववाले सांगतात. गाडी करून सकाळी लवकर निघा, धुकं असतं म्हणून ड्रायव्हरला घाई करू नका. तिथे शहरातले रसिक असतात, आणि शेतातून आलेली माणसं घोंगडी पांघरून तितक्याच लक्ष देऊन धृपद, म्हणजे जुन्या धाटणीचं शास्त्रीय गाणं, ऐकत असतात. मोठ्याला कंटाळा आला तर नदीकाठी हिंडू द्या, दोन-दोन तास मांडी घालून बसवू नका, गाणं कानावर पडत राहिलं तरी खूप झालं.

आणि समारोहाच्या तारखा जुळल्याच नाहीत तर किल्ल्यावरच जा, पण या वेळी खालून, ग्वाल्हेर दरवाज्याने पायी चढा. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, इतकं छोटं की गाडीने जाणाऱ्यांना ते माहीतच नसतं. तिथल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात 270 हा आकडा कोरलाय, शून्यासकट, आज आपण लिहितो तसाच गोल शून्य. देवाच्या फुलबागेचं माप आहे ते, 187 बाय 270 हात, आणि तिथून रोज पन्नास हार देवाला यायचे असं लिहिलंय. बारा वर्षांच्या मुलीला स्वतः तो शून्य शोधू द्या, बघा काय खूश होते.

प्रश्न: मी इंदूरचा, वय 72. आयुष्यभर तानसेन समारोह रेडिओवर ऐकला, या वर्षी प्रत्यक्ष यायची इच्छा आहे. पण गुडघे आणि थंडी, दोन्हीची भीती वाटते. मुलगा म्हणतो यूट्यूबवर ऐका. यावं का? (एक वाचक, इंदूर)

काका, या. नक्की या. फक्त रात्रीच्या सभेचा हट्ट सोडा. डिसेंबरात आमच्याकडे रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो आणि मांडव कितीही बंदिस्त केला तरी पायाखालून गारठा चढतोच. सकाळची सभा दहाच्या सुमाराला सुरू होते, तोवर ऊन आलेलं असतं, आणि खरं सांगू का, गाण्याच्या दृष्टीनेही मला सकाळच जास्त मोलाची वाटते. विचार करा, आजकाल मैफिली सगळ्या संध्याकाळच्या, मग तोडी, भैरव, आसावरी हे सकाळचे राग समोर बसून ऐकायला मिळतात कुठे? मियाँ की तोडी तर तानसेनच्याच नावाची, ती त्याच्या समाधीसमोर, सकाळच्या तिच्या वेळेला ऐकायची, हे यूट्यूबवर कसं मिळणार.

आणि उशिरा येऊ नका. प्रत्येक सभा इथल्या संगीत महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या धृपदाने सुरू होते, त्यात 1918 साली संगीततज्ज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने निघालेलं माधव संगीत महाविद्यालय आहे, ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये काढलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय आहे. बरेच लोक ते होईपर्यंत बाहेर चहा पीत उभे राहतात, मला याचं फार वाईट वाटतं. पोरं वर्षभर तयारी करतात हो, पखवाजावर चौताल सुरू झाला की पहिल्या रांगेतल्या मुलीचे हात ताल धरताना थरथरत असतात, दोन आवर्तनांत स्थिर होतात. समोर जाणती माणसं बसलेली असली की त्यांना बळ येतं. तुम्ही बसाच.

गुडघ्यांचं म्हणाल तर खुर्चीसाठी कडेची जागा धरा, मोजे दोन जोड घाला, गरम पाण्याचा थर्मास जवळ ठेवा. शेवटची सभा गेल्या काही वर्षांत गूजरी महालात होते, किल्ल्याच्या पायथ्याशी, दिवे लागल्यावर वर किल्ला दिसतो, ती तेवढी एक संध्याकाळ झेपली तर करा. परतीची गाडी मात्र दिल्लीकडून येणारी असेल तर धुक्यामुळे उशीर धरूनच चाला.

प्रश्न: नागपूरहून इथे शिकायला आलोय, पहिलंच वर्ष. सुट्टीत घरी जात नाहीये. होस्टेलवरचे सगळे ‘मेला, मेला’ करतायत, म्हणजे इथली दर वर्षीची मोठी जत्रा, पाळणे आणि गर्दी सोडून त्यात असतं काय? (एक विद्यार्थी, ग्वाल्हेर)

अरे, खूप असतं, पण पंचवीस तारखेला पळू नकोस. उद्घाटन त्या सुमारास होतं, दुकानं नीट लागायला जानेवारी उजाडतो. 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी हा सुरू केला, तेव्हा मुख्य बाजार गुराढोरांचा, आज त्याच मेल्यातून लोक कार घेऊन घरी जातात, कारण सरकारने जाहीर केली त्या वर्षी रोड टॅक्समध्ये अर्धी सूट मिळते. शनिवार-रविवार सोडून दुपारी चारला जा, सगळं आरामात बघून होतं, दिवे लागले की मग पाळण्यात बस. कडाक्याच्या थंडीत सॉफ्टी खाणं हा इथला रिवाज आहे, मोठा पापडही खा, गरम असतानाच.

पण माझं ऐकशील तर मेल्याच्या बाहेर, शहरात गजक, म्हणजे तीळगुळाची खुसखुशीत मिठाई, बनताना बघून ये एकदा. गुळाचा पाक जरा निवला की तो खुंटीला अडकवून ओढतात, परत दुमडून अडकवतात, परत ओढतात, तपकिरी रंग हळूहळू फिका पडत पांढुरका होईपर्यंत. मग भाजलेल्या तिळात घालून दोघं-तिघं समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी कुटतात, एकाचा ठोका पडला की दुसऱ्याचा, ताल चुकत नाही कोणाचा. कुटून कुटूनच तिला ते पदर सुटतात. थंडी आहे तोवरच हे काम चालतं आणि सकाळी लवकर चालतं, विचारलंस तर कारागीर प्रेमाने बघू देतात, कामाच्या मधे मात्र यायचं नाही.

घरी पाठवायची असेल तर पुड्यात देऊ नकोस, नागपूरपर्यंत भुगा होतो तिचा. स्टीलच्या डब्यात घालून, वर कागद दाबून, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्या तरी हातात दे.