एकच प्रवास, दोन अंतरे

प्रश्न : सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क विमानतळावर थेट जाणाऱ्या विमानाचा हिशेब मी मांडत होतो. दोन ठिकाणांमधले अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर दाखवले जाते, पण ही सेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा विमान कंपनीने ते सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ पावणेएकोणीस तासांपर्यंत सांगितली होती. घड्याळाप्रमाणे मात्र रात्री साडेअकराला निघालेले विमान पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास पोहोचते. यातले खरे काय धरावे?

उत्तर : आपण दिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त पहिला पृथ्वीच्या गोलावरचा आहे आणि दुसरा विमानाच्या प्रत्यक्ष वाटेचा. पहिला आकडा आपल्याला कागदावरही पडताळता येईल. सिंगापूर सुमारे १०४ अंश पूर्व रेखांशावर आणि न्यूअर्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना येतात, आणि त्यामुळे त्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट, जिला बृहद्वृत्त म्हणतात, उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. दोघांच्या अक्षांशांची बेरीज साधारण ४२ अंश; ती १८० मधून वजा केली की १३८ अंश उरतात, आणि एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले की १५,३०० च्या आसपासच उत्तर येते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर कधीच मिळणार नाही, कारण तो नकाशा ध्रुवाकडचा प्रदेश अतोनात ताणतो.

मग विमान लांबच्या वाटेने का जाते? वाऱ्यामुळे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, आणि त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढेही सहज जातो. हा वारा पाठीशी मिळावा म्हणून सिंगापूरहून निघालेली विमाने अनेकदा पॅसिफिक महासागरावरून पूर्वेकडे जातात आणि परतताना अटलांटिक ओलांडून पुन्हा पूर्वेकडेच येतात. मला या मार्गाचा सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो! वाऱ्याचे बळ किती असते, हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. वादळी हवेत न्यूयॉर्कहून लंडनला एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, एरवी याला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. वाट केवळ वाराच ठरवतो असेही नाही. रशियाचे आकाश २०२२ मध्ये बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला, जरी दोन्ही शहरे जागची हलली नाहीत.

वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे अंतराला ताशी ९०० ने भागून आलेल्या उत्तरात अर्धा तास तरी मिळवावा.

घड्याळाचा घोटाळा प्रमाणवेळेचा आहे. न्यूअर्क हे हिवाळ्यात सिंगापूरच्या १३ तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत १२ तास. आपल्या सहा तासांत हा फरक मिळवला की अठरा-एकोणीस तास होतात. पुढच्या विमानाची किंवा भेटीची वेळ ठरवताना दोन्ही वेळा ग्रिनिच वेळेत बदलून घ्याव्यात, आणि किलोमीटरवरून काढलेल्या अंदाजापेक्षा त्या तारखेचे वेळापत्रकच प्रमाण मानावे.