प्रागमध्ये तीन दिवस, सोबत आईबाबा

प्रश्न: आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच प्रागला चाललोय, बाबांचे गुडघे दुखतात, किल्ल्यापर्यंत चढ खूप आहे असं ऐकलंय. आणि पैसे युरोमध्ये न्यायचे का?

उत्तर: चढायचंच नाही हो! २२ नंबरची ट्राम पकडा, ‘प्राझ्स्की ह्राद’ स्टॉपला उतरा, तिथून किल्ला जवळ आहे आणि रस्ता जवळपास सपाट. ट्राममध्ये चढल्यावर तिकीट मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, नुसतं कागदी तिकीट खिशात असून चालत नाही, चेकर आला तर दंड बसतोच, नवीन माणसं नेमकी इथेच फसतात. जुन्या शहरात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, म्हणून बाबांना जाड सोलचे बूट घ्याच.

पैशांचं म्हणाल तर चेक रिपब्लिक युरोपियन युनियनमध्ये असलं तरी चलन कोरुना. एटीएम किंवा दुकानातलं मशीन ‘तुमच्या चलनात कापू का’ विचारेल तेव्हा नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा, नाहीतर रेट वाईट लागतो. रस्त्यात कोणी नोटा बदलून देतो म्हणाला तर सरळ पुढे चला. एक्स्चेंजच्या दुकानात रेट वाईट मिळाला तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती मात्र जपून ठेवा.

चार्ल्स ब्रिज, ज्याचं काम १३५७ मध्ये सुरू झालं, तो पहाटेच बघा, मनापासून सांगते, दहानंतर गर्दीत आईबाबांना धड उभंसुद्धा राहता येणार नाही. १४१० चं खगोलीय घड्याळ दर तासाला वाजतं, तिथे सगळे वर बघत असतात तेव्हा पाकीट सांभाळा.