पेन राहू दे, आधी त्याचा हात बघ

लेका,

पेन करणाऱ्या मित्राला लेथवर लाकडी पेन करून भेट द्यायचाय, हा तुझा मेसेज वाचला, फोटोपण बघितले. तीन किट, म्हणजे पेनाच्या धातूच्या सुट्या भागांचे संच, पाच लाकडं आणि खाली प्रश्न, काका ह्यातलं कुठलं करू म्हणजे त्याला चूक सापडणार नाही? कारण तो मित्र स्वतः पेन करणारा, त्याचं मशीन तुझ्यापेक्षा भारी, आणि तुला भ्या वाटतंय की पेन हातात पडला की तो लिहायच्या आधी भिंग काढणार. काढणारच की. आपण दुसऱ्याचा पेन बघताना काय करतो? रिंगेपाशी नख फिरवतो, मधल्या जोडावर लाकडाच्या रेघा जुळल्यात का बघतो, उजेडाकडं धरून सॅंडपेपरचे ओरखडे शोधतो. खोडच असती ती. सापडू दे त्याला चूक. तू मला एवढंच सांग, तो लिहितो कसा?

हे तुझ्या त्या लांबलचक मेसेजात कुठंच नाही. लाकूड बाहेरनं मागवू का हे आहे, सोनेरी प्लेटिंग का गनमेटल हे आहे, डबी मखमलीची का लाकडी हेपण आहे. पण ज्याला द्यायचाय तो पेन कुठं धरतो, टोकापासनं किती लांब, दाबून लिहितो का हलकं, बोटं जाड का बारीक, हाताला घाम येतो का, ह्यातलं एक अक्षर नाही. आधी त्याचा हात बघ. आपल्याकडं चप्पल करणारा माप घ्यायचा तर कागदावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिल फिरवायचा, आणि आपण हातात धरायची वस्तू करायला निघालोय तर हाताकडंच बघत नाही, असं कसं चालंल?

आता तुझं ते स्लिमलाइन किट. सगळ्यांनी पहिल्यांदा तेच केलेलं असतंय, ७ मिलिमीटरचं ड्रिल मारायचं, पितळी नळी चिकटवायची, सोपं आणि स्वस्त. पण बारीक असतो तो पेन, जाड बोटाच्या माणसानं पानभर लिहिलं की अंगठ्याच्या बुडात दुखायला लागतंय. शिवाय त्याला क्रॉस पद्धतीची रिफिल लागते, ती दर दुकानात मिळत नाही. पार्कर पद्धतीची ९८ मिलिमीटरची कुठल्याही बऱ्या स्टेशनरीत मिळती, बाकीच्या कंपन्याही त्याच मापात काढतात. भेट दिलेला पेन पहिली रिफिल संपली की ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो तो ह्याच्यापायी, आणि आपल्याला वाटतं समोरच्याला कदर नाही. कदर असती रे, रिफिल नसती.

आणि बुशचं एक डोक्यात घे. किटच्या मापाचे जे बुश, म्हणजे लेथवर लावायच्या धातूच्या कड्या, मिळतात ते फक्त टोकांचं माप सांगतात, म्हणजे लाकूड आणि धातूची रिंग एका लेव्हलला यावी म्हणून. मधली जाडी तुझी. तिथं पोट ठेव, खाच ठेव, जिथं त्याचं बोट बसतं तिथं अर्धा मिलिमीटर उतर, कोण अडवतंय? पण सगळे पट्टी लावल्यासारखं बुश ते बुश सरळ उतरतात. मी हे चिडून लिहितोय त्याला कारण आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अख्खी नोकरी मी ड्रॉइंगप्रमाणे मशीनवर जॉब काढले, टॉलरन्समध्ये, म्हणजे मापाच्या चालणाऱ्या फरकात, आहे ना, मग पुढचा लाव. तो पार्ट कुणाच्या पंपात बसला, कुणाच्या उसाला त्यानं पाणी दिलं, कधी कळलं नाही, मीपण विचारलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून पेन करायला लागलो तेव्हाच ठरवलं, ज्याचा हात बघितला नाही त्याच्यासाठी जॉब लावायचा नाही.

ह्याच हट्टापायी घरात बोलणी खातो. दिवाळीला एका कारखान्याची ऑर्डर आली होती, सगळ्या स्टाफला एकसारखे सागवानी पेन, वर लेसरनं नाव. नाही म्हटलं. बायको अजून म्हणते त्या पैशात डस्ट कलेक्टर आला असता, नवा चक आला असता. आला असता, खरंय. पण शंभर माणसांचा हात एकसारखा असतो का? मी माजलो म्हणून नाही म्हटलं नाही, मला ते जमलंच नसतं, तिसऱ्या पेनाला मी परत नोकरीवर गेलो असतो. लोक क्रॅक म्हणतात, म्हणू देत. असो, विषय तुझा चाललाय.

लाकूड. तू शिसवीच्या मागं लागलायस, दिसायला चांगलंच आहे, मास्क मात्र लाव, त्याची धूळ बऱ्याच जणांना बाधते. पण पाचव्या फोटोत कोपऱ्यात जो बाभळीचा तुकडा आहे, गावच्या बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याचा म्हणालास तो, त्याच्याबद्दल एक ओळ लिहून सोडून दिलंयस. मुरलेली बाभूळ आहे ती, टणक, घट्ट, दाबून लिहिणाऱ्याच्या हातात वजनदार लागते. हलक्या हाताचा असेल तर नको, मग सागवान बघ. बघ, परत हातावरच आलो.

जे घेशील ते वाळलेलं घे. आपल्याकडं पावसाळ्यात हवाच अशी असते की लाकूड आत पाणी धरून बसतं. तसंच नळीवर चिकटवलंस तर उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पितळ आकसत नाही, आणि पेन उभा तडकतो. चौकोनी तुकडा कापून ठेव, दर आठवड्याला वजन कर, गुजरीत सोनार वापरतात तसला छोटा काटा मिळतो. वजन उतरायचं थांबलं की घे. ड्रिल मारताना सारखं मागं घेऊन भुसा काढ, तापलं की चीर जाते. ज्या दांड्यावर लाकूड ओवून फिरवतो त्या मँड्रेलचा नट जीव खाऊन आवळू नको, तो वाकतो आणि जॉब आउट फिरतो, एका बाजूला रिंग वर आणि दुसऱ्या बाजूला लाकूड वर. तुझ्या मागच्या पेनात तेच झालंय, त्याला भिंग लागणार नाही, बोटालाच कळंल.

फिनिशचंपण तेच. मला स्वतःला सुपरग्लूची चकाकी सोसत नाही, लाकूड धरलंय का प्लास्टिक कळत नाही. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फिरत्या जॉबवर कापडानं चढवला की कसा मऊ उजेड येतो, ते मला आवडतं. पण ते माझं झालं. घामट हाताखाली चपडा टिकत नाही, थोड्या दिवसात मळकट पडतो. तसा हात असेल तर गपगुमान सुपरग्लूचे पातळ थर दे आणि माझ्या आवडीला मार गोळी.

राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं माहीत असेल तुला, एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, पेन लेथवर करायचे. १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहिलं, त्यात पेन वापरून बघितला आणि बाजारातल्या परदेशी पेनांना चांगला पर्याय वाटतो असं लिहिलंय. वापरून बघितला, हे महत्त्वाचं. तुझा मित्र भिंग लावून काय म्हणतो त्याला माझ्या लेखी किंमत नाही, महिन्याभरानं त्याच्या खिशाला कुठला पेन आहे ते मला सांग.

रविवारी लेथ मोकळं आहे, ये. लाकडाचा तुकडा, किट काही आणू नको. कायतरी थाप मारून त्याचा रोजचा वापरातला पेन दोन दिवस उसना घे आणि तेवढा घेऊन ये. रंग कुठं उडालाय, ग्रिप कुठं गुळगुळीत झालीय ते बघू, तिथं व्हर्नियरनं जाडी मोजू आणि मग ठरवू. आणि तो डावखुरा असेल तर आधीच फोन कर, जेलची शाई हाताखाली पुसली जाते, मग बॉलपेनचीच रिफिल धरून किट निवडावं लागंल.

काका