डोलकाठ्या नंतर बघ, आधी खडक बघ

अरे,
मेसेज वाचला तुझा. फिनलंड-स्वीडनच्या मधल्या ओलंडच्या बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर तीन आठवडे ट्रेनी म्हणून जायला मिळतंय म्हणून हवेत आहेस, राहा हवेत, तुझ्या वयात मीपण असतो. पण तू विचारलंयस "मोठ्या समुद्राची तयारी कशी करू", तिथेच गाडी चुकतेय. तुला मोठा समुद्र लागणारच नाहीये.

मारियेहाम्नला, म्हणजे ओलंडच्या मुख्य गावाला, उतरलास की पोमर्न बघशील. १९०३ साली ग्लासगोत बांधलेलं चार डोलकाठ्यांचं पोलादी मालवाहू जहाज, इंजिन कधी बसवलंच नाही त्यात. गुस्ताफ एरिकसन नावाच्या तिथल्याच मालकाने १९२३ ला घेतलं. बाकी जग वाफेच्या जहाजांवर गेलं तेव्हा हा माणूस भंगाराच्या भावात शिडाची जहाजं जमवत होता, विम्याचे पैसेसुद्धा वाचवायचा, आणि ऑस्ट्रेलियातून गहू भरून दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या हॉर्न भूशिराला वळसा घालून युरोपात आणायचा. एवढ्या मोठ्या जहाजावर माणसं साधारण पंचवीस, बरीचशी तुझ्याच वयाची पोरं. सगळे डोलकाठ्यांचे फोटो काढतात, काढ तूपण.

मग शेजारच्या म्युझियममध्ये जा. तिथे हर्झोगिन सेसिली या एरिकसनच्याच जहाजाच्या कप्तानाचं दालन ठेवलंय. १९३६ ला हे जहाज ऑस्ट्रेलियातून ८६ दिवसांत इंग्लंडला फाल्मथला पोचलं, म्हणजे मोठे महासागर सगळे पार करून, आणि तिथून पुढच्या बंदराला निघाल्यावर काही तासांत धुक्यात डेव्हनच्या किनाऱ्यावर खडकावर गेलं. माणसं वाचली, जहाज गेलं. मी त्या दालनात बराच वेळ उभा होतो, खरं सांगू का, पोमर्नपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं.

तुझं सगळं काम अशाच किनाऱ्यालगतच्या खडकाळ पाण्यात आहे. हजारो बेटं, त्यातली कित्येक म्हणजे नुसते ग्रॅनाइटचे उघड्या पाठीचे खडक, आणि जे दिसत नाहीत ते वेगळेच. आपल्याकडे खाडीत बोट रुतली की तांडेल विडी पेटवून भरतीची वाट बघतो. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच! पाणी वरखाली होतं ते वाऱ्यामुळे आणि हवेच्या दाबामुळे, त्यामुळे बोट खडकावर बसली तर उचलायला भरती येणार नाही. त्यात बर्फयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखालून सुटलेली जमीन अजून हळूहळू वर येतेय, म्हणजे आजोबांच्या वेळची पाण्याची खोली नातवाला पुरेलच असं नाही.

मी जहाजावर थर्ड मेट, म्हणजे ज्युनियर अधिकारी, असताना फिनलंडच्या तुर्कू बंदराला जाताना स्क्रीनकडेच बघत बसलो होतो, पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवायला चढलेला तिथला माणूस, काही बोलला नाही, फक्त माझी मान धरल्यासारखी बोटाने खिडकीकडे वळवली. समोर किनाऱ्यावर दोन पांढऱ्या-लाल खुणा होत्या, एक पुढे एक मागे, त्या एका रेषेत दिसल्या की तू वाटेवर. तेवढं पहिल्याच दिवशी शिकून घे आणि डेकवर असशील तेव्हा मोबाईल खाली बंकवर ठेव.

लोकरीचे मोजे दोन जोड जास्तीचे घे, जुलैतही रात्री थंडी असते. आणि पहिला चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, हातात आला की त्याचा फोटो पाठव, कुठल्या वाटेने नेतायत ते बघू दे मला.

तुझा काका